मापाच्या वहीतली उंची

मास्तर खिळे ओठांत धरायचे, टाचण्या धरतात तसे. फळीवर खूण करायला पेन्सिल घ्यायचे नाहीत. शिवणाचा चपटा खडू घ्यायचे. कापड मोजायची टेप गळ्यात असायची, सिमेंट कालवतानासुद्धा. कुणी नवीन माणूस फाटकातून आत आला की आधी त्याच्या खांद्यांकडे बघायचे, मग तोंडाकडे. चहाची बशी मांडीवर कधी ठेवायचे नाहीत, कापडाला डाग पडेल म्हणून. मांडीवर गिऱ्हाइकाचं कापड यायचं बंद होऊन दोन वर्षं झाली होती. एकटे असले की स्वतःला गिऱ्हाईक म्हणायचे. "गिऱ्हाईक दमलं. गिऱ्हाइकाला पाणी द्या." मग स्वतःच उठून पाणी घ्यायचे.

ते गेले त्याला आज अकरा दिवस झाले.

मास्तर जेंट्स टेलर होते. अडतीस वर्षं एकाच दुकानात एकाच मशीनवर बसले. शर्ट, पॅन्ट, कोट, शाळांचे गणवेश. मग दुकान बंद केलं आणि आमच्या गल्लीच्या टोकाचं एक जुनं घर घेतलं. कित्येक वर्षं कुलूप लागलेलं घर. मी समोरच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर राहते. माझ्या खिडकीतून त्यांच्या बाजूचं अंगण दिसतं. पहिल्या दिवशी दिसलं ते असं: एक म्हातारा माणूस तुटक्या विटांच्या ढिगापाशी उभा आहे आणि ढिगाला कमरेपासून टेप लावून बघतो आहे.

घराच्या तीन खोल्या एकामागे एक होत्या. तिन्हींची जमीन वेगवेगळ्या उंचीवर. तीन मालकांनी तीन वेळा बांधल्या होत्या, आणि एकानेही शेजारच्या खोलीला विचारलं नव्हतं. दर दाराला उंबरा. न्हाणी आणि संडास अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला. तो आत घ्यायचा मास्तरांचा विचार होता, पण प्लंबरने पाइपाचा उतार मोजला आणि मान हलवली. पाणी चढावर जाणार नाही, म्हणाला. म्हणजे संडास तिथेच राहणार होता. पलंगापासून तिथपर्यंत बेचाळीस पावलं.

"एकट्याला एवढं घर कशाला, मास्तर?" मी विचारलं होतं.

"एकट्याला कुठे? ताई येणार आहे."

ताई त्यांच्याहून सहा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मास्तर नऊ वर्षांचे होते, ताई पंधराची. पुढचं सगळं तिने केलं. दुकान निघालं तेव्हा काजं करायला तीच बसली. एका शर्टाला सात, कफांची दोन धरून नऊ. सगळी हाताने. एकोणीस वर्षं. नंतर काजाचं मशीन आलं. ताई तिच्या मुलाकडे दुसऱ्या गावी राहायला गेली. मग एक डोळा गेला, मग दुसरा. आता तिला उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं.

"काचबिंदू आहे. काजांचा त्याच्याशी काही संबंध नाही," डॉक्टर म्हणाले होते.

"डॉक्टरने कधी काज केलंय?" मास्तर मला म्हणाले.

ताईच्या मुलाने, म्हणजे मास्तरांच्या भाच्याने, तिच्यासाठी एका वृद्धाश्रमात जागा बघितली होती. तो वाईट माणूस नाही. सकाळी आठ ते संध्याकाळी सात त्याच्या घरात कुणी नसतं. दोनदा गॅस चालू राहिला होता. पण ताईला जायचं नव्हतं. "तिथे हात धरून संडासला नेतात," ती मास्तरांना फोनवर म्हणाली. "मला कुणाचा हात नको, बारक्या. मला भिंत दे. भिंत धरून मी कुठेही जाईन."

सहासष्ट वर्षांच्या माणसाला बारक्या म्हणणारं जगात एवढं एकच माणूस उरलं होतं. मास्तर भिंतीच्या कामाला लागले.

भाच्याने अट घातली. पंधरा दिवस आई तुमच्याकडे राहील. सोळाव्या दिवशी, रविवारी, मी येईन. ती पलंगापासून संडासापर्यंत एकटी गेली आणि एकटी परत आली, तर तिथेच राहू दे. नाहीतर आश्रमाची जागा मी सोडणार नाही.

"अरे, मी आहे ना इथे," मास्तर म्हणाले.

"मामा, तुम्ही नसाल त्या दिवसाचं मी विचारतोय."

हे मला सांगताना मास्तर हसले. "वकील व्हायचं पोरगं. उगाच बँकेत चिकटलं."

मास्तरांना घर बांधायची काहीच माहिती नव्हती. त्यांना शिवता येत होतं, म्हणून ते घर शिवत होते. उंबरे छिन्नीने फोडले. फोडलेल्या जागी जमिनीला हलका उतार दिला. मधल्या खोलीचं दार सडलं होतं, ते स्वतः केलं. बसवायला गल्लीतल्या सुताराला बोलावलं. सुतार दार चौकटीला लावून बघतो तर दार चारी बाजूंनी अर्धा इंच मोठं.

"मास्तर, हे दार आहे की लेंगा? मार्जिन कशाला सोडलंय?"

"पुढे वाढवायचं झालं तर?"

"दार वाढतं होय?"

"लाकूड फुगतं म्हणून तूच सांगतोस की जगाला!"

सुतार पोट धरून हसला आणि रंधा आणायला गेला. मास्तर हसले नाहीत. ते त्या कापल्या जाणाऱ्या अर्ध्या इंचाकडे बघत होते. कापड असं वाया गेलेलं त्यांना आवडायचं नाही.

मी मराठीत एम.ए. केलेलं, म्हणून मला ते एम्मेबाई म्हणायचे. डब्यांवरच्या सूचना वाचायला मला बोलवायचे. चष्मा असायचा, पण मी वाचलेलं त्यांना चालायचं.

"'पृष्ठभाग कोरडा व धूळरहित असावा,'" मी वाचलं.

"पृष्ठभाग म्हणजे?"

"वरची बाजू."

"मग वरची बाजू म्हणायला काय होतं त्यांना? आणि तू दोन वर्षं हेच शिकलीस?"

"जवळजवळ."

"बरं. पुढे वाच."

खोल्यांमधून त्यांनी भिंतींना लाकडी दांडी लावली, पलंगापासून मागच्या दारापर्यंत. प्रत्येक दाराच्या आधी दांडीवर एक दोरा गुंडाळून चिकटवला. एक वेढा म्हणजे पहिलं दार, दोन वेढे म्हणजे दुसरं. अंगणातल्या विटा उपसून सपाट वाट केली, खडबडीत फरश्यांची. वाटेच्या कडेला लोखंडी रेलिंग. सात खांब काँक्रीटमध्ये रोवले आणि वर पाइपांचे तुकडे नटबोल्टने बसवले. खांब रोवायला त्यांना नऊ दिवस लागले. मधल्या काळात मी खिडकीतून बघायचे तेव्हा ते बहुतेक वेळा खड्ड्याच्या कडेला बसलेले दिसायचे, पाय आत सोडून.

रेलिंग केवढ्या उंचीवर लावायची, हे त्यांना कुणाला विचारावं लागलं नाही. त्यांच्याकडे मापाची वही होती. लाल पुठ्ठ्याची, दुकानातली. तिच्यात ताईचं पान होतं, अकरा वर्षांपूर्वी, शेवटच्या भेटीत लिहिलेलं. खांदा, बाही, कमर, कमरेपासून जमिनीपर्यंत. वर्षाला दोन गाऊन ते तिला त्याच मापाचे शिवून पाठवायचे. एकदा घेतलेलं माप मी परत घेत नाही, असं ते अभिमानाने सांगायचे. चुकीचं घेणारे परत घेतात.

एका भर दुपारी ते अंगणात डोळ्यांवर अस्तराची काळी पट्टी बांधून उभे होते. मी खिडकीतून ओरडले, "मास्तर, काय चाललंय?"

"ट्रायल!"

रेलिंग धरून ते चालत गेले. पाचव्या खांबाशी वाट वळते. तिथे थबकले, पायाने चाचपलं, वळले. संडासाच्या दाराला हात लागला तेव्हा त्यांनी दारावर थाप मारली. मग परत आले. पट्टी काढली तेव्हा तोंड घामाने भिजलेलं होतं आणि लहान मुलासारखं झालं होतं.

"हात कसा पडतो बघितलंस? कोपर मोकळं, खांदा खाली. फिटिंग आहे."

वहीप्रमाणे त्यांची आणि ताईची उंची सारखीच होती. म्हणून ट्रायल बरोबर आली.

ताई शनिवारी आली. भाच्याने दारात सोडलं, बॅग आत ठेवली, एक फोन आला म्हणून गाडीपाशी गेला. मी तिथेच होते. मास्तरांनी मला मुद्दाम बोलावलं होतं. बघायला. मी बघितलं ते हे: एक अगदी लहानखुरी बाई, पाठीत वाकलेली, तपकिरी गाऊनमध्ये. मास्तरांनी दाखवलेल्या फोटोतल्या ताईच्या निम्मी वाटावी अशी.

"उजव्या हाताला, ताई. आहे बघ," मास्तर म्हणाले.

ताईंनी हात पुढे केला. हात हवेत गेला. मग वर गेला. दांडी सापडली.

"छान केलंस रे," त्या म्हणाल्या.

त्या चालू लागल्या. कोपर उचललेलं, खांदा कानाला लागायला आलेला. पहिल्या दाराचा दोरा त्यांनी बोटाने ओळखला आणि हसल्या. दुसऱ्या खोलीत थांबल्या. हात खाली घेऊन दंड चोळला, परत वर नेला. मास्तर मागून बघत होते. आधी खांद्याकडे. मग त्यांची नजर खाली खाली गेली. मग ते गुडघ्यांवर बसले, गिऱ्हाइकाच्या पायाशी बसतात तसे, आणि त्यांनी ताईंच्या गाऊनचा घेर हातात धरला.

घेर आतून दुमडून शिवलेला होता. चार बोटं. टाके वेडेवाकडे, कुठे लांब कुठे आखूड. तपकिरी कापडाला निळा दोरा.

"हे कुणी केलं?"

"मी."

"कधीपासून?"

"चार-पाच वर्षं झाली असतील."

"दर गाऊनला?"

"दर गाऊनला."

"मला सांगायचं नाही?"

ताई म्हणाल्या, "तू दर खेपेला त्याच मापाचे पाठवायचास. मला बरं वाटायचं. कुणाच्या तरी लेखी मी अजून तेवढीच होते." आणि मग, "दोरा कुठल्या रंगाचा आहे रे?"

"तपकिरीच आहे," मास्तर म्हणाले.

त्यांनी गळ्यातली टेप काढली आणि ताईंचं माप घेतलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा. आकडे ते बोलले, मी वहीत लिहिले, जुन्या आकड्यांच्या खाली. प्रत्येक आकडा वरच्यापेक्षा कमी होता. भाचा आत आला तोवर टेप परत गळ्यात गेली होती.

घरातल्या दांड्या खाली घ्यायला पाच दिवस गेले. स्क्रू काढायचे, चार बोटं खाली नवी भोकं पाडायची, जुनी भोकं पुट्टीने बुजवायची. भिंतीवर पांढऱ्या ठिपक्यांची एक रांग राहिली. मास्तर त्या रांगेकडे बघायचे नाहीत.

अंगणातलं काम अवघड होतं. खांब काँक्रीटमध्ये होते. प्रत्येकाचं डोकं चार बोटं कापायचं, नवं भोक पाडायचं आणि पाइप पुन्हा बसवायचा. सुतार म्हणाला, वेल्डर बोलवा, तासाभरात उडवेल. वेल्डरला दहा दिवस सवड नव्हती.

"रविवार त्याच्या आधी येतो," मास्तर म्हणाले, आणि लोखंड कापायची हातकरवत काढली.

पहिला खांब जेमतेम सुरू केला आणि पुढचे तीन दिवस ते बसून होते. दंड दुखतो म्हणाले. डावा.

"करवत उजव्या हाताने चालवता. दुखतो डावा कसा?" मी विचारलं.

"डाव्याने धरतो ना, बाई. धरणाऱ्या हाताचं कुणी विचारत नाही."

मी हसले. मला ते वाक्य आवडलं होतं. मी ते त्या दिवशी लिहूनही ठेवलं. दंडाबद्दल मात्र काहीच विचार केला नाही.

सोमवारी पहिला खांब झाला. मंगळवारी दुसरा. रोज एक, रविवारी सकाळी सातवा, असा त्यांचा हिशेब होता. बुधवारी मी चहा घेऊन गेले तेव्हा ताई मागच्या दारात खुर्चीवर बसल्या होत्या आणि करवतीचा आवाज ऐकत होत्या.

"बारक्या, राहू दे आता. मी हात वर करून जाईन."

"पंधरा दिवस जाशील. मग खांदा धरेल. मग एक दिवस कंटाळून हात सोडशील."

"तू आहेस की धरायला."

"तूच म्हणालीस, कुणाचा हात नको."

"तुझा नको असं मी कधी म्हटलं?"

करवत थांबली. मास्तर त्यांच्याकडे बघत राहिले. ताईंना ते दिसत नव्हतं. मला वाटलं, आता हे करवत खाली ठेवतील. त्यांनी पातं एकदा फडक्याने पुसलं.

"गिऱ्हाइकाला काम करू द्या," ते म्हणाले.

त्या संध्याकाळी तिसरा खांब झाला. ताईंनी तिथपर्यंत जाऊन बघितलं. खांदा खाली, कोपर मोकळं. मास्तर मागून चालत होते, हात पाठीमागे बांधून, त्यांना चाहूल लागू न देता.

गुरुवारी मी प्रुफं द्यायला प्रेसमध्ये गेले होते. साडेचारला परत आले. खिडकीचा पडदा सारला तर अंगणाच्या मध्यावर ताई उभ्या होत्या. एकट्या. मला आधी आनंद झाला. खरंच झाला. मग दिसलं की त्या चालत नाहीयेत. तिसऱ्या खांबापाशी रेलिंग संपत होती. पुढचा पाइप काढून खाली ठेवला होता. त्यांचा हात रेलिंगच्या उघड्या टोकावर होता.

मी धावत गेले.

"कोण? समोरची का?"

"हो, ताई."

"बारक्या पुढे कुठेतरी आहे. बोलत नाहीये. मला पुढे धरायला काही सापडत नाही."

मास्तर चौथ्या खांबाच्या बुडाशी कुशीवर पडले होते. टेप गळ्यातून सुटून फरशीवर आली होती. मी त्यांना हात लावला. मग पुन्हा लावला.

"किती लांब आहे तो?" ताईंनी विचारलं.

मला खोटं बोलायचं होतं. जमलं नाही.

"दोन पावलं."

"दोनच?" त्या म्हणाल्या. "मला वाटलं, लांब असेल."

नंतर त्यांनी सांगितलं. करवतीचा आवाज बंद झाला. पुन्हा सुरू होईल म्हणून त्यांनी वाट बघितली. झाला नाही. मग त्या पलंगावरून उठल्या आणि निघाल्या. पहिलं दार, दुसरं दार, मागचं दार, उतार, पहिला खांब, दुसरा, तिसरा. कुणी धरलं नव्हतं. कुठे अडखळल्या नाहीत. तिथे उभ्या राहून त्यांनी हाका मारल्या, किती वेळ ते त्यांना सांगता येईना. ऊन पाठीवरून गालावर आलं, एवढं म्हणाल्या.

डॉक्टर म्हणाले, एका क्षणात गेले असतील, दोन पावलांनी काही फरक पडला नसता. हे मी ताईंना तीनदा सांगितलं. तीनदा त्यांनी मान हलवली.

भाचा त्याच रात्री आला आणि सगळं त्याने केलं. रविवारी परीक्षेचं कुणी बोललं नाही. बॅग भरून झाली होती. भाचा अंगणात उभा होता, पहिल्या खांबावर हात ठेवून. मग त्याने आपला हात दुसऱ्या खांबावरून, तिसऱ्यावरून नेला आणि लांबच्या उंच खांबांकडे बघितलं.

"हे सगळं मामाने एकट्याने केलं?"

"हो."

"मी सोळा दिवस म्हणालो होतो," तो म्हणाला. "महिना म्हणालो असतो तरी चाललं असतं मला."

आतून ताई आल्या. "निघण्याआधी जाऊन येते," म्हणाल्या. दोघेही बाजूला झालो. त्या मागच्या दारातून उतरल्या, सरळ, पटपट, माझ्यापेक्षा जलद. तिसऱ्या खांबाला हात लागला आणि थांबल्या. भाचा पुढे गेला. "आई, चल," म्हणाला, आणि त्याने हात पुढे केला.

ताई जरा वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग त्यांनी त्याला हात दिला.

घराला कुलूप आहे. आश्रमात ताईंना खालच्या मजल्यावरची खोली मिळाली, असं भाच्याने कळवलं. माझ्या खिडकीतून अंगण दिसतं. पहिले तीन खांब चार बोटं खाली आहेत. तिसऱ्या आणि चौथ्याच्या मधला पाइप फरशीवर आहे, दोन्ही नट शेजारी नीट मांडून ठेवलेले. पाचवा, सहावा, सातवा जुन्या उंचीवर उभे आहेत. चौथ्या खांबात करवत निम्म्यापर्यंत गेलेली आहे आणि तिथेच अडकून आहे.